कर किती, यापेक्षा कशावर? नोकऱ्यांच्या वादातला निसटलेला प्रश्न

२०२३ च्या वसंतात आदल्या वर्षाची करविवरणपत्रे भरताना अमेरिकेतील अनेक लहान सॉफ्टवेअर कंपन्यांच्या चालकांना आपल्या हिशेबनीसांकडून एक चमत्कारिक वार्ता कळली. कंपनीला वर्षभरात नफा झालेला नव्हता; काहींना तर तोटा झाला होता. तरीही कर भरायचा होता, आणि तोही थोडाथोडका नव्हे. कराचा दर वाढला नव्हता. नवा करही लागू झाला नव्हता. बदलली होती ती केवळ एक व्याख्या : अभियंत्याचा पगार हा त्या वर्षाचा खर्च मानायचा, की पुढील अनेक वर्षांत विभागून दाखवायची गुंतवणूक?

कर आणि नियम यांमुळे नोकऱ्या वाढतात की घटतात, हा वाद अमेरिकेत दर निवडणुकीला नव्याने रंगतो. कर कमी करा, नियम हटवा, उद्योजक आपोआप माणसे घेतील, असे एक बाजू म्हणते. करांतूनच शाळा, रस्ते आणि विद्यापीठे उभी राहतात, नियमांतूनच कामगाराला संरक्षण मिळते, आणि या दोहोंवाचून रोजगार टिकत नाही, असे दुसरी बाजू सांगते. दोघांच्याही भात्यात उदाहरणे आहेत. मात्र दोघेही कराचे आणि नियमांचे फक्त वजन करतात. ते वजन नेमके कोठे ठेवले आहे, याकडे दोघांचेही दुर्लक्ष होते. गेल्या बारा-तेरा वर्षांतील अनुभव नीट तपासला, तर रोजगाराच्या दृष्टीने दरापेक्षा ही जागाच अधिक निर्णायक ठरल्याचे दिसते.

कॅन्ससचा प्रयोग

करकपातीच्या बाजूने यापेक्षा स्वच्छ प्रयोग मिळणे कठीण. मे २०१२ मध्ये कॅन्ससचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी राज्याच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या करकपातींपैकी एका विधेयकावर स्वाक्षरी केली. व्यक्तिगत प्राप्तिकराचा कमाल दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आला. शिवाय ज्या उद्योगांचा नफा थेट मालकाच्या व्यक्तिगत उत्पन्नात धरला जातो, अशा भागीदाऱ्या, एलएलसी आणि एकल मालकीचे व्यवसाय यांच्या नफ्यावरील राज्याचा कर पूर्णपणे रद्द झाला. पुरवठावादी अर्थशास्त्राचे प्रवर्तक आर्थर लाफर सल्लागार होते. या कपातीने राज्याच्या अर्थव्यवस्थेला संजीवनी मिळेल, असा गव्हर्नरांचा दावा होता.

प्रत्यक्षात पहिल्याच पूर्ण आर्थिक वर्षात राज्याचा महसूल सुमारे ७० कोटी डॉलरने घटला. २०१४ मध्ये मूडीज आणि एस अँड पी या दोन्ही संस्थांनी राज्याचे पतमानांकन खाली आणले. २०१५ मध्ये काही शाळा-जिल्ह्यांना पैशाअभावी शैक्षणिक वर्ष मुदतीपूर्वीच आटोपावे लागले. त्याच वर्षी तूट भरून काढण्यासाठी विक्रीकर ६.१५ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेण्यात आला. हा कर किराणा मालावरही लागू होता, म्हणजे धंद्याच्या मालकाला दिलेली सूट गिऱ्हाईकाच्या पिशवीतून वसूल होऊ लागली. अपेक्षित नोकऱ्या मात्र आल्या नाहीत. रोजगारवाढीत कॅन्सस शेजारच्या नेब्रास्का, मिसुरी आणि कोलोरॅडोच्याही मागे राहिले. अखेर जून २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने आपल्या पक्षाच्या गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून ही सवलत मागे घेतली.

या प्रयोगातून आलेले पीक मात्र वेगळेच होते. सवलत घेणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या पुढे गेली. ती सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक होती. जेसन डीबॅकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी करविवरणपत्रांच्या आधारे केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, या सवलतीने खऱ्या आर्थिक उलाढालीत फारशी भर पडली नाही. तेच उत्पन्न वेगळ्या शीर्षाखाली दाखवण्याचे प्रमाण तेवढे वाढले. सवलत नफ्याच्या नावाला होती, माणूस कामावर घेण्याला नव्हती. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार झाला.

नफ्यावरील कराचे गणित

कॅन्ससमधील अपयशामागे एक साधे गणित आहे. समजा, एका अभियंत्यावर वर्षाला दीड लाख डॉलर खर्च होतो आणि त्याच्या कामातून कंपनीला दोन लाख डॉलर मिळतात. उरलेल्या ५० हजारांवर ३५ टक्के कर असेल, तर मालकाच्या हाती ३२,५०० डॉलर राहतात. २१ टक्के असेल, तर ३९,५००. दोन्ही परिस्थितींत त्याला कामावर घेणे फायद्याचेच आहे. पगार हा खर्च म्हणून आधीच वजा होतो आणि सरकार उरलेल्या नफ्यातील वाटा घेते. जी नेमणूक कराआधी फायद्याची होती, ती करानंतरही फायद्याचीच राहते.

याचा अर्थ नफ्यावरील कर निरुपद्रवी असतो, असा नाही. यंत्रे, इमारती आणि दीर्घकालीन भांडवल यांच्यावर त्याचा परिणाम होतो. अमेरिकेत २०१७ च्या कायद्याने कंपनीकर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणल्यानंतर कंपन्यांची गुंतवणूक लक्षणीयरीत्या वाढली, असे गॅब्रिएल चोडोरो-राइश, ओवेन झिडार आणि एरिक झ्विक या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये मांडले. मात्र त्यांच्याच अंदाजानुसार त्यातून कामगाराच्या पदरात पडलेली दीर्घकालीन वेतनवाढ वर्षाला सुमारे ७५० डॉलरची. कायदा मंजूर होताना व्हाइट हाउसच्या आर्थिक सल्लागारांनी ४,००० ते ९,००० डॉलरची आशा दाखवली होती. नफ्यावरील कर आणि नोकरी यांच्यातला धागा आहे, पण तो लांबचा आहे.

एका कलमाचा फटका

त्याच २०१७ च्या कायद्यात दडलेले दुसरे कलम मात्र थेट नेमणुकीच्या मुळावर आले. १९५४ पासून अमेरिकी करकायद्याचे कलम १७४ संशोधन आणि विकासाचा खर्च त्याच वर्षी पूर्णपणे वजा करण्याची मुभा देत असे. २०१७ मध्ये दर कमी करताना दहा वर्षांतील महसुली घट दीड लाख कोटी डॉलरच्या मर्यादेत बसवणे भाग होते. ताळेबंद जुळवण्यासाठी काही तरतुदी पुढल्या तारखेने कडक करण्यात आल्या. त्यांपैकी ही एक. २०२२ पासून देशांतर्गत संशोधनाचा खर्च पाच वर्षांत आणि परदेशातील संशोधनाचा खर्च पंधरा वर्षांत विभागणे बंधनकारक झाले. सॉफ्टवेअर विकसित करण्याचा खर्च संशोधनातच मोडेल, असेही स्पष्टपणे लिहिले गेले. ती तारीख उजाडण्यापूर्वी काँग्रेस हे दुरुस्त करील, असा सर्वांचा समज होता. तसे घडले नाही.

आकडेमोड केली की फटक्याचे स्वरूप ध्यानात येते. एका लहान कंपनीचे उत्पन्न दहा लाख डॉलर आणि अभियंत्यांचे पगारही दहा लाख डॉलर असतील, तर तिचा नफा शून्य आणि जुन्या नियमाने करही शून्य. नव्या नियमाने पहिल्या वर्षी अर्ध्याच वर्षाची वजावट मिळते, म्हणजे पगाराच्या केवळ १० टक्के : एक लाख डॉलर. कागदोपत्री नऊ लाखांचा नफा दिसतो आणि २१ टक्क्यांनी १,८९,००० डॉलर कर लागतो. हेच अभियंते पुण्यात किंवा बंगळुरूत बसून काम करीत असतील, तर पहिल्या वर्षी जेमतेम ३३ हजार डॉलर वजा होतात आणि कर दोन लाखांच्या वर जातो. जो पैसा नफा म्हणून कधी आलाच नाही, त्यावर हा कर होता.

उरलेली वजावट पुढील वर्षांत मिळत जाते हे खरे. म्हणूनच मोठ्या, रोकडसंपन्न कंपन्यांनी हा भार उचलला. ज्या कंपनीजवळ सहा महिन्यांपुरतीच रोकड आहे, तिच्या दृष्टीने पाच वर्षांनी मिळणारी सवलत म्हणजे बुडालेलीच. शिवाय कोणते काम संशोधनात धरायचे, याविषयी कर खात्याचे सविस्तर मार्गदर्शन सप्टेंबर २०२३ मध्ये आले, म्हणजे पहिली विवरणपत्रे भरण्याची मूळ मुदत उलटून गेल्यावर. पूर्वी नवा अभियंता घेताना त्याचा पगार तेवढा पाहावा लागे. आता त्या पगारावर वाढणारा करही मोजावा लागू लागला. नेमणुकीच्या क्षणीच कर आडवा आला.

२०२२ ते २०२४ मधील तंत्रज्ञान क्षेत्रातील सर्व नोकरकपात या कलमाच्या माथी मारणे मात्र गैर ठरेल. मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला फेडरल रिझर्व्हचा व्याजदर जुलै २०२३ पर्यंत ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर पोहोचला होता. महासाथीच्या काळात कंपन्यांनी भरमसाट भरती केली होती. तिची उतराई कधीतरी होणारच होती. शिवाय जुलै २०२५ मध्ये देशांतर्गत संशोधनासाठी जुनी वजावट परत आल्यानंतरही, ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनने कार्यालयीन कर्मचाऱ्यांत सुमारे १४,००० पदे कमी करण्याची घोषणा केली. कर हे एक कारण असते, एकमेव नसते. परंतु कर आणि व्याजदर एकाच वेळी एकाच दिशेने ढकलू लागले, की सर्वांत आधी लहान कंपन्या कोलमडतात.

ब्रिटनमधील वेतनकर

हेच तत्त्व ब्रिटनमध्ये अधिक उघडपणे दिसले. एप्रिल २०२५ पासून तेथे मालकाने भरायच्या राष्ट्रीय विम्याचा दर १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला. चर्चा या दरवाढीचीच अधिक झाली. खरा घाव दुसऱ्या बदलात होता : ज्या वेतनापासून ही आकारणी सुरू होते, ती मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर आली.

वर्षाला ६०,००० पौंड मिळवणाऱ्या तंत्रज्ञासाठी मालकाचा भार सुमारे ७,०२४ पौंडांवरून ८,२५० पौंडांवर गेला. वेतनाच्या तुलनेत ही वाढ २ टक्क्यांच्या आसपास. १०,००० पौंड मिळवणाऱ्या अर्धवेळ वेटरसाठी तो सुमारे १२४ पौंडांवरून ७५० पौंडांवर गेला. वेतनाच्या तुलनेत वाढ ६ टक्क्यांहून अधिक. अगदी लहान व्यवसायांना वेगळी सूट वाढवून दिलासा दिला गेला, पण मध्यम आकाराच्या उपाहारगृहांना आणि दुकानांना तो पुरला नाही. २०२५ मध्ये ब्रिटनमधील वेतनपटावरील कर्मचाऱ्यांची संख्या घसरली आणि त्यात आदरातिथ्य व किरकोळ विक्री ही क्षेत्रे ठळक होती. त्याच महिन्यात किमान वेतनही ताशी १२.२१ पौंड झाल्याने दोन्ही परिणाम वेगळे काढणे अवघड आहे. तरीही आखणीतला दोष स्वच्छ दिसतो : महसूल सर्वांकडून हवा होता, आणि प्रमाणाने सर्वाधिक ओझे सर्वांत कमी वेतनाच्या नोकरीवर ठेवले गेले.

दार उघडणारे आणि दार लावणारे नियम

नियमांचेही असेच आहे. 'नियम' हा शब्द एकच असला, तरी त्याखाली परस्परविरोधी गोष्टी येतात.

कॅलिफोर्नियात १८७२ पासून एक कायदा आहे. नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मज्जाव करणारा करार तेथे अवैध ठरतो. वरकरणी ही मालकाच्या करारस्वातंत्र्यावरील बंदी. पण सिलिकॉन व्हॅलीने बॉस्टनच्या रूट १२८ या तंत्रज्ञानपट्ट्याला मागे टाकले, त्यामागे अभियंत्यांच्या या मोकळ्या वावराचा वाटा होता, असे कायदेतज्ज्ञ रोनाल्ड गिल्सन यांनी १९९९ मध्ये मांडले. मॅसॅच्युसेट्समध्ये असे करार त्या वेळी लागू करता येत. कारणांची यादी लांबवता येईल, पण नियमाने नवे उद्योग मारले नाहीत, हे निश्चित. देशभर असे करार रद्द करण्याचा केंद्रीय व्यापार आयोगाचा एप्रिल २०२४ चा नियम टेक्सासमधील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये रोखला आणि २०२५ मध्ये आयोगानेच तो सोडून दिला. नियमनमुक्तीच्या नावाखाली येथे नोकरदाराचे बेड्यांतून सुटणे लांबले.

उलट टोकाला व्यवसाय-परवाने आहेत. १९५० च्या दशकात अमेरिकेतील सुमारे पाच टक्के कामगारांना राज्याचा परवाना लागे. आज हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आहे. शल्यचिकित्सकाला परवाना हवा याबद्दल दुमत नाही. पण केशभूषा करणाऱ्याने शेकडो तासांचे सशुल्क प्रशिक्षण घ्यावे आणि राज्य बदलले की पुन्हा अर्ज करावा, यात ग्राहकाच्या सुरक्षेपेक्षा आत असलेल्यांची सोय अधिक दिसते. व्हिसाधारक जोडीदाराबरोबर अमेरिकेत आलेल्या डॉक्टर, दंतवैद्य किंवा वास्तुविशारद मराठी स्त्रियांना या परवान्यांची उंची चांगलीच ठाऊक आहे.

किमान वेतन या दोहोंच्या मधोमध येते. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९२ मधील न्यू जर्सीच्या वेतनवाढीनंतर त्या राज्यातील आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची तुलना केली. ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर वेतन होऊनही रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले, त्यामागे याच पद्धतीचे काम होते. वाढ कितीही केली तरी चालते, असा त्याचा अर्थ नाही. मोजक्या मालकांच्या हाती बाजार असेल, तेथे माफक वाढ पचते; ती बाजारभावाच्या फार वर गेली, की नोकऱ्यांवर येते, एवढाच सावध निष्कर्ष त्यातून निघतो.

व्हिसाचे एक लाख डॉलर आणि पुणे

परदेशस्थ मराठी व्यावसायिकांच्या घरात हा प्रश्न आज सर्वाधिक धारदार झाला आहे तो एच-१बी व्हिसामुळे. २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरील उमेदवारासाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लागू झाले; आधीच व्हिसा असलेल्यांना त्यातून वगळण्यात आले. याला शुल्क म्हटले असले, तरी प्रत्यक्षात तो नेमणुकीच्या उंबरठ्यावर बसवलेला कर आहे. माणूस एक दिवस काम करण्याआधीच तो भरावा लागतो, त्यामुळे त्याची सर्वाधिक झळ नवोदित कंपन्यांना, विद्यापीठांना आणि ग्रामीण रुग्णालयांना लागते.

अमेरिकी तरुणाला नोकरी मिळावी, हा त्यामागचा जाहीर हेतू. तो साधेल का, याचे उत्तर मागच्या अनुभवात आहे. २००४ मध्ये एच-१बीची वार्षिक मर्यादा १,९५,००० वरून ६५,००० वर आली. ब्रिटा ग्लेनन यांच्या अभ्यासानुसार, या व्हिसावर अवलंबून असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांनी त्यानंतर परदेशातील शाखांतील मनुष्यबळ वाढवले, विशेषतः कॅनडा, भारत आणि चीनमध्ये. नोकरी अमेरिकी उमेदवाराकडे गेली, असे नाही. ती अनेकदा विमानात बसून देशाबाहेर गेली.

येथे अमेरिकी धोरणातील विसंगती उघडी पडते. जुलै २०२५ च्या कायद्याने देशांतर्गत संशोधनाची वजावट परत दिली, पण परदेशी संशोधनासाठी पंधरा वर्षांची विभागणी कायम ठेवली. म्हणजे करकायदा कंपनीला सांगतो की, काम पुण्याला नेऊ नका. व्हिसाचा नियम सांगतो की, पुण्याचा माणूस येथे आणू नका. या दोन भिंतींमध्ये कंपनी काय करते? नॅसकॉम आणि झिनोव्ह यांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात बहुराष्ट्रीय कंपन्यांची १,७०० हून अधिक क्षमता केंद्रे होती आणि त्यांत सुमारे १९ लाख माणसे काम करीत होती. पुणे हे त्यांपैकी एक प्रमुख ठिकाण. पंधरा वर्षांच्या तरतुदीने ही वाढ थांबली नाही, कारण वेतनातील तफावत करातील तोट्यापेक्षा मोठी आहे. परदेशी सेवांच्या बिलावर २५ टक्के कर लावण्याचा प्रस्तावही सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटमध्ये मांडला गेला आहे. तो मंजूर झाल्यास हे गणित बदलू शकेल, आणि तेव्हा हिंजवडीतील घरांच्या हप्त्यांनाही वॉशिंग्टनच्या करकायद्याचे हादरे बसतील.

कोणता प्रश्न विचारावा

कोणत्याही नव्या कराविषयी किंवा नियमाविषयी पहिला प्रश्न असा हवा की, तो माणसाला कामावर घेण्याच्या निर्णयाआधी आडवा येतो की त्या निर्णयाचे फळ मिळाल्यानंतर? कॅन्ससने फळावरचा कर काढला आणि काहीच उगवले नाही. कलम १७४, ब्रिटनचा राष्ट्रीय विमा आणि व्हिसाचे शुल्क हे तिन्ही नेमणुकीच्या दारात उभे राहिले आणि तिन्हींची झळ लहान मालकाला किंवा कमी वेतनाच्या नोकरीला अधिक लागते. दुसरा प्रश्न स्थैर्याचा. दराची सवय होते. पुढल्या वर्षी कायदा काय असेल याची अनिश्चितता मात्र भरती गोठवते. कलम १७४ ची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात ३५७ विरुद्ध ७० अशा दुर्मीळ बहुमताने मंजूर झाली होती. ऑगस्टमध्ये ती सिनेटमध्ये अडकली. दोन्ही पक्षांना मान्य असलेली दुरुस्ती प्रत्यक्षात येण्यास आणखी अकरा महिने लागले.

२०२५ च्या कायद्याने सरासरी ३.१ कोटी डॉलरपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना २०२२ पासूनची विवरणपत्रे दुरुस्त करून जादा भरलेला कर परत मागण्याची मुभा दिली. तो पैसा परत येईल. पण मधल्या तीन वर्षांत एच-१बीवरील ज्या अभियंत्याची नोकरी गेली, त्याला नवी नोकरी शोधण्यास कायद्याने फार तर ६० दिवस दिले होते. ती मुदत संपल्यावर मुलांची शाळा अर्धवट सोडून परतलेल्या कुटुंबाला कोणतेही दुरुस्त विवरणपत्र ते दिवस परत देणार नाही. करकायदा लिहिणाऱ्यांनी ताळेबंद जुळवताना हा रकाना मोजलेलाच नव्हता.